बटन, बटन, बटन...

ते गृहस्थ तक्रार करायला आलेच नव्हते. ते खाते बंद करायला आले होते. त्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना असतो. शाखेतल्या मुलीने तो भरण्यासाठी त्यांना कारण विचारले, आणि त्यांनी जे सांगितले ते दीड इंचाच्या रकान्यात मावेना, म्हणून तिने त्यांना लिफ्टने वर माझ्याकडे पाठवून दिले. ही २०१७ सालच्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या मुख्य कार्यालयात ग्राहक सेवा विभाग सांभाळत होतो. तळमजल्यावर आमचीच शाखा होती.

गृहस्थ शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. जन्मांध. हातात घडीची पांढरी काठी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, बोलणे सावकाश आणि नेमके. गेली सात-आठ वर्षे ते आमच्या बँकेचे व्यवहार घरच्या संगणकावरून करीत होते. हे कसे करतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. संगणकावर ‘स्क्रीन रीडर’ नावाची एक आज्ञावली असते. पडद्यावर जे लिहिलेले असेल ते ती वाचून दाखवते. ऐकणारा माऊसला हात न लावता, केवळ कळफलकाच्या कळा दाबत पानावरून पुढे-मागे फिरतो. अशा आज्ञावल्या पूर्वी फार महाग असत. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ नावाची आज्ञावली लिहायला घेतली, जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि त्यांनी ती जगाला फुकट दिली. आमचे संगीत शिक्षक तीच वापरत.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आमच्या बँकेने मोठा गाजावाजा करून नवी वेबसाइट आणली होती. जुनी ओबडधोबड होती, पण ती बोलत होती. नवी देखणी होती आणि मुकी होती. पासवर्ड टाकण्यासाठी पडद्यावरच एक कळफलक येई, त्यातले आकडे दर वेळी जागा बदलत आणि स्क्रीन रीडरला त्यातला एकही आकडा वाचता येत नसे. मोबाइलवर येणारा ओटीपी कुठल्या चौकटीत टाकायचा हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्या चौकटीला नावच नव्हते. 

‘‘मग आता कसं करता?’’ मी विचारले.

‘‘पुतण्याला शेजारी बसवतो. त्याला पासवर्ड सांगून ठेवलाय.’’

‘‘घरचाच मुलगा आहे, मग काय अडचण?’’ हा प्रश्न मी विचारला आणि पुढची काही वर्षे तो मला टोचत राहिला.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘साहेब, दर महिन्याच्या पाच तारखेला मी एका बाईंना हजार रुपये पाठवतो. माझा एक विद्यार्थी होता, तो गेला, त्याची ती बायको. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लपवण्यासारखं काही नाही त्यात, पण सांगण्यासारखंही नाही. आता पुतण्याला ठाऊक आहे. मुलगा चांगला आहे, त्यानं विचारलं काहीच नाही. पण आता दर पाच तारखेला मला खुलासा केल्यासारखं वाटतं.’’

मी त्यांना तीन महिने थांबायची विनंती केली. त्यांनी चहा घेतला, आभार मानले आणि खाली जाऊन खाते बंद केले.

हे मला इतके लागायला आणखी एक जुने कारण होते. १९८७ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. तिथे एक अंध कारागीर होते. ते वेताच्या खुर्च्या विणत. शाखेतल्या खुर्च्याही त्यांच्याच हातच्या. त्या कामाचे बिल आम्ही त्यांच्या बचत खात्यात जमा करीत असू. एकदा त्यांनी चेकबुक मागितले. वेत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी त्यांना दर वेळी शाखेत यावे लागे, सोबत साक्षीदार आणावा लागे, अंगठा द्यावा लागे, आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस बुडे. मी नियमांचे पुस्तक पाहिले, मॅनेजरसाहेबांना विचारले आणि त्यांना सांगितले की तुम्हाला चेकबुक देता येत नाही. ‘‘तुमच्याच भल्यासाठी आहे हो,’’ असेही वर म्हणालो. अंध माणसाला फसवणे सोपे, म्हणून त्याला व्यवहारच करू द्यायचा नाही, असे ते भले होते.

पुढे ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सगळ्या बँकांना बजावले की दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास कायद्याने पूर्ण समर्थ आहे. तिला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड यांपैकी काहीही नाकारता येणार नाही. ते परिपत्रक आमच्याकडे आले, नोंदवहीत चढले, सर्व शाखांना रवाना झाले. त्या यादीत ‘नेट बँकिंग’ हा शब्द स्पष्ट होता. नऊ वर्षांनी आम्ही नवी वेबसाइट बांधली तेव्हा तो कुणालाही आठवला नाही. मलाही नाही.

तर मी टिपणी लिहायला घेतली. बँकेत, किंवा कुठल्याही मोठ्या कचेरीत, काही घडवायचे तर टिपणी लिहावी लागते. ती वर चढते, शेरे मिळवते, खाली उतरते. आयुष्यभर हेच केल्यामुळे मला ती कला येते असा माझा समज होता. मी कादंबऱ्याही लिहितो, त्यामुळे भाषाही बरी होती. पहिल्या टिपणीत मी संगीत शिक्षकांची हकिगत लिहिली, आणि शेवटी ‘समाजातील दुर्बल घटकांप्रती असलेली आपल्या संस्थेची बांधिलकी’ असे एक दणदणीत वाक्य टाकले.

त्या वाक्याने घात केला. टिपणीत ज्या शब्दाचा आवाज मोठा, त्या शब्दाच्या खात्याकडे फाईल जाते. माझी फाईल सामाजिक उपक्रम पाहणाऱ्या विभागाकडे गेली. पंधरा दिवसांत उत्तर आले: प्रस्ताव स्तुत्य आहे, येत्या १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिनानिमित्त अध्यक्षांच्या हस्ते अंध बांधवांना काठ्यांचे वाटप करण्यात येईल, छायाचित्रकाराची व्यवस्था करावी.

मी हसलो नाही. चूक माझी होती. मीच दानाची भाषा वापरली होती, त्यांनी दान मंजूर केले.

दुसरी टिपणी मी कायद्याची लिहिली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला होता, म्हणजे आमची नवी वेबसाइट आणि तो कायदा एकाच महिन्यातले. त्यात सरकारी आणि खासगी अशा सर्वच सेवा देणाऱ्यांवर आपली सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी आहे. १५ जूनला नियमही निघाले. मी कलमांचे क्रमांक टाकले, खाली रेघा मारल्या. ही फाईल अर्थातच विधी विभागाकडे गेली. विधी विभागातले आमचे मित्र हुशार होते. त्यांनी लिहिले: कायद्यानुसार नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, सबब जून २०१९ पर्यंत तातडीने काही करण्याची निकड दिसत नाही. शेरा अचूक होता. कायद्याचा धाक घालायला गेलो आणि दोन वर्षांची सवलत घेऊन परतलो.

अशा वेळी कचेरीतली माणसे म्हणतात, ‘आपण लिहून मोकळे झालो’. मीही झालो असतो. पण जुलैच्या ६ तारखेला रिझर्व्ह बँकेचे आणखी एक परिपत्रक आले. ते अंधांविषयी नव्हतेच. ऑनलाइन फसवणूक झाली तर नुकसान कोणी सोसायचे, याविषयी होते. त्यात एक तरतूद अशी की ग्राहकाने निष्काळजीपणा केला असेल, उदाहरणार्थ आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. मी ते वाचत होतो आणि मला संगीत शिक्षकांचा पुतण्या आठवला. आम्ही दर आठवड्याला ग्राहकांना संदेश पाठवत होतो की पासवर्ड कोणालाही सांगू नका. आणि आमची वेबसाइट अशी होती की तो सांगितल्याशिवाय त्या माणसाला व्यवहारच करता येऊ नये! उद्या त्याचे पैसे गेले तर निष्काळजी कोण? तो की आम्ही?

तिसरी टिपणी दीड पानाची होती. तिच्यात बांधिलकी नव्हती, दुर्बल घटक नव्हते. विषय होता: ‘नवीन संकेतस्थळातील दोष व त्यामुळे संभवणारी जोखीम’. ही फाईल एकाच वेळी जोखीम व्यवस्थापन आणि संगणक विभाग अशा दोन टेबलांवर गेली आणि आठ दिवसांत बैठक लागली.

बैठकीला मी एकटा गेलो नाही. आमच्याच कार्मिक विभागात एक तरुण अधिकारी होत्या. परीक्षा देऊन, दृष्टिहीनांच्या राखीव जागेवर निवड होऊन आलेल्या. एकाच इमारतीत तीन वर्षे असून मी त्यांच्याशी लिफ्टमधल्या ‘गुड मॉर्निंग’पलीकडे बोललो नव्हतो. मी त्यांना विचारले, आपल्या साहेबलोकांना आपली वेबसाइट ऐकवाल का? त्या म्हणाल्या, ‘‘ऐकवते, सर. पण स्पीकर चांगला आणा.’’

बैठकीत अध्यक्षस्थानी महाव्यवस्थापक. सुरुवातीलाच त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला, ‘‘असे ग्राहक आहेत किती?’’ माझ्याकडे २०११ च्या जनगणनेचे आकडे होते: देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, त्यांपैकी ५० लाखांहून अधिक दृष्टिदोष असलेले, महाराष्ट्रात सर्व प्रकारचे मिळून सुमारे २९ लाख ६० हजार. ‘‘ते देशाचं झालं. आपले किती?’’ याला उत्तर नव्हते. खाते उघडण्याच्या अर्जात आम्ही ते विचारतच नव्हतो. आणि विचारले असते तरी काय? जिन्याने चढून जावे लागते अशा दवाखान्यात गुडघेदुखीचे रोगी कमीच येणार.

एवढ्यात त्या बाईंनी स्क्रीन रीडर सुरू केला. त्यांच्या नेहमीच्या वेगात तो असा काही बोलला की कुणाला शब्द कळेना. मग त्यांनी वेग कमी केला. त्यांच्या सूचनेवरून मी पडद्याचा दिवा घालवला. अंधाऱ्या पडद्यासमोर अकरा अधिकारी बसले होते आणि स्पीकरमधून एक यांत्रिक आवाज आमच्या बँकेचे स्वागताचे पान वाचत होता: ‘‘ग्राफिक. स्लाइड अंडरस्कोर झीरो थ्री अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर न्यू. लिंक. लिंक. बटन. बटन. बटन. बटन.’’

कोणीतरी हसले. मग आणखी दोघे हसले. बाई कळ दाबत राहिल्या. ‘‘बटन. बटन. एडिट. ब्लँक. बटन.’’ चार मिनिटे झाली तरी आम्ही बँकेत शिरू शकलो नव्हतो. हसणे केव्हाच थांबले होते. पुढे त्यांनी गृहकर्जाचा अर्ज उघडला. तो कागद स्कॅन करून चढवलेला होता, म्हणजे अर्जाचा नुसता फोटो. स्क्रीन रीडर म्हणाला, पान रिकामे आहे. आठ पानांचा अर्ज, आठही पाने रिकामी!

संगणक विभागाचे प्रमुख सज्जन गृहस्थ होते. वेबसाइटसाठी त्यांनी रात्री जागवल्या होत्या. ते म्हणाले, ‘‘पण आमच्या चाचणीत सगळं पास झालं होतं.’’

‘‘चाचणी कुणी केली होती, सर?’’ बाईंनी विचारले. उत्तराची वाट न पाहता त्या म्हणाल्या, ‘‘आपल्या रजेचं पोर्टलही असंच आहे. तीन वर्षं मी रजेचा अर्ज शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून भरून घेते. मी कधी आणि कशासाठी रजा घेते, हे त्यांना माझ्या आईच्या आधी कळतं.’’

शेजारच्या टेबलावरचे ते सहकारी तेव्हा तिथे नव्हते, हे बरेच झाले.

दोषांची यादी झाली. आता खर्च. वेबसाइट बांधणाऱ्या कंपनीने कळवले की हे सगळे करायचे तर जवळजवळ नवी साइट बांधण्याइतका खर्च येईल आणि चौदा महिने लागतील. इथे प्रकरण पुन्हा थंडावणार असे दिसू लागले. तेव्हा बाईंनी मला सिडनीच्या एका खटल्याविषयी सांगितले. तो मी मुळातून वाचला, आणि ज्याला कुठल्याही संस्थेत असली गोष्ट पटवायची आहे त्याने तो वाचावाच असे मी म्हणेन.

सिडनीला २००० साली ऑलिंपिक भरले. ब्रूस मॅग्वायर हे तिथले एक अंध नागरिक. आयोजन समितीची वेबसाइट आपल्याला वाचता येत नाही, चित्रांना शब्द नाहीत, निकालांचे तक्ते कळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे केली. समितीचे उत्तर हुबेहूब आमच्या कंपनीसारखे: हे करायला सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील, एका माणसाचे वर्षभराहून अधिक काम आहे. आयोगापुढे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. त्यांनी सांगितले, छोटी तुकडी बसवली तर काही आठवड्यांचे काम आहे, खर्च माफक आहे. आणि सुरुवातीपासून लक्षात ठेवले असते तर तोही फारसा आला नसता. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने निकाल दिला की हा भेदभाव आहे, आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, दुरुस्ती करा. समितीने ती अर्धवटच केली. नोव्हेंबरमध्ये, स्पर्धा संपून गेल्यावर, आयोगाने मॅग्वायर यांना २० हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. पण ऑलिंपिक होऊन गेले होते. ते काही परत आले नाही.

खर्चाचा आकडा सांगणाऱ्याला आकड्याची फोड मागावी, एवढा बँकेतला साधा धडा मला त्या निकालाने पुन्हा दिला. आम्ही कंपनीकडे प्रत्येक दोषाचा वेगळा अंदाज मागितला. तेव्हा दिसले की यादीतले निम्म्याहून अधिक दोष नाव न दिल्याचे होते. वेबसाइटवरच्या प्रत्येक चित्रामागे, बटनामागे, चौकटीमागे डोळ्यांना न दिसणारी एक पाटी लावता येते. ‘लॉग इन’, ‘ओटीपी इथे लिहा’, ‘मागे जा’. पोस्टमनसाठी दारावर पाटी असते तशी. त्या पाट्या लावायला दोन मुलांना नऊ दिवस लागले. चौदा महिन्यांपैकी नऊ दिवस!

बाकीचे मात्र खरेच कठीण होते, आणि ते तंत्रामुळे नव्हे तर माणसांमुळे. जागा बदलणारा कळफलक हा सुरक्षा विभागाचा लाडका होता; ज्यांना हवा त्यांना साधा कळफलक वापरण्याची मुभा द्या, एवढ्यावर तडजोड व्हायला दोन महिने लागले. जाहिरात विभागाचा जीव पांढऱ्यावरच्या फिकट करड्या अक्षरांत अडकलेला. जगभर वेबसाइटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सांगून ठेवले आहे की साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे. आमचे त्याच्या जवळपासही नव्हते. जाहिरातवाले म्हणाले, गडद अक्षरांनी पानाचा तोल जातो. महाव्यवस्थापकांनी छापील पान हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, पान खिडकीशी नेले आणि म्हणाले, ‘‘मलाच वाचता येत नाहीये.’’ तो वाद तिथेच संपला. निवृत्तिवेतनाची खाती आमच्याकडे ढिगाने होती. मोतीबिंदूचे प्रमाणपत्र कोणी बँकेला देत नाही.

त्याच सुमारास एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे तयार तोडगा होता: वेबसाइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चित्र असलेले एक बटन बसवायचे, ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात, आणि म्हणे सगळे नियम आपोआप पाळले जातात. स्वस्त होते. साहेबांना मोह झाला. बाईंनी दहा मिनिटे ते वापरून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘बटनांत एक बटन वाढलं.’’ २०२५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशीच आपोआप दुरुस्तीची हमी देणाऱ्या अॅक्सेसिबी या कंपनीला दिशाभूल केल्याबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले, तेव्हा मला त्या विक्रेत्याची हसरी मुद्रा आठवली.

या सगळ्या धडपडीतून शेवटी टिकले काय, तर एक कलम. २०१८ साली वेबसाइटच्या देखभालीची नवी निविदा निघाली. तिच्यात आम्ही घातले की काम डब्ल्यूथ्रीसीच्या २००८ सालच्या मार्गदर्शक नियमांच्या मधल्या, म्हणजे ‘एए’ पातळीचे असले पाहिजे. आणि शेवटचा दहा टक्के हप्ता बँकेतले दोन दृष्टिहीन कर्मचारी ठरावीक पाच कामे कुणाच्याही मदतीशिवाय पार पाडतील तेव्हाच मिळेल. शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे, चेकबुक मागवणे, खातेउतारा उतरवून घेणे, तक्रार नोंदवणे. खाली जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. पूर्वी कंपनीची माणसे बाईंना ‘मॅडमना दाखवून घेऊ कधीतरी’ म्हणत. आता सकाळी सव्वादहाला त्यांच्या टेबलाशी उभी असत. रजेचे पोर्टलही त्याच कंपनीकडे होते. ते कुणी न सांगता दुरुस्त झाले.

मराठी पानांची कथा वेगळीच. इंग्रजी बाजू बोलू लागली, पण ‘मराठी’वर टिचकी मारली की आवाज चित्रविचित्र रोमन अक्षरे आणि चिन्हे ओकू लागे. कारण मजकूर जुन्या फाँटात केलेला. डोळ्यांना अक्षर ‘क’ दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे भलतेच रोमन अक्षर असते. वर देवनागरीचा मुखवटा. छापखान्यात हे चालून गेले, कारण कागद बोलत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, तरीही आमच्याकडे २०१८ साली निम्मी मराठी पाने जुन्या फाँटात आणि उरलेली चित्रे करून चिकटवलेली होती. शिवाय पानाची भाषा मराठी आहे असे पानाच्या आज्ञावलीत लिहावे लागते. नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो किंवा सरळ मौन पाळतो. भाषेच्या अभिमानाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, काही केलीही आहेत. आपली मराठी यंत्राला मराठी म्हणून ओळखता येते का, हे मी तोवर कधी तपासले नव्हते. वाचकांपैकी कुणी गृहनिर्माण संस्थेचे, शाळेचे किंवा पतपेढीचे काम पाहत असतील त्यांनी आपल्या वेबसाइटवरचे मराठी वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावे. अक्षरांची भेळ झाली तर समजावे की ते पान अंध सभासदासाठी कोरे आहे.

आता कोणी म्हणते, एवढा खटाटोप कशाला, एआय आहे ना, फोन हल्ली फोटोतलेही वाचून दाखवतो. दाखवतो, हे खरे आहे, आणि त्याने अनेकांची मोठी सोय झाली आहे. पण आपला खातेउतारा भलत्याच कंपनीच्या यंत्राला दाखवून वाचून घ्यायचा म्हणजे पुन्हा पुतण्याच की! शिवाय आकडा चुकला तर जबाबदार कोण?

कायद्याचे गाडे मधल्या काळात बरेच पुढे गेले. आमच्या विधी विभागाने ज्या नियमांच्या आधारे सवलत घेतली होती, त्यांतला सुगम्यतेचा नियम केवळ शिफारसवजा आहे, सक्तीचा नाही, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात दिला आणि सरकारला सक्तीचे नियम करायला सांगितले. ती याचिका मुळात २००५ सालची. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी दुसरा निकाल आला. प्रज्ञा प्रसून या अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेला बँक खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायला सांगितले गेले. माणूस जिवंत आहे याची ती यंत्राची खूण. त्यांना पापण्या मिटता येत नाहीत. न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याच्या पद्धती सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी वीस निर्देश दिले. ‘ग्राहकाने पापणी लववली नाही’ असा शेरा मारून अर्ज बाजूला ठेवणारा कुणी अधिकारी मला दिसत नाही, तो यंत्रात लिहून ठेवलेला आहे. आणि १९८७ सालचा मी निदान खुर्चीत तरी बसलेला होतो.

नवी वेबसाइट पाचही परीक्षा उतरली त्या दिवशी मी संगीत शिक्षकांना फोन केला होता. त्यांनी अभिनंदन केले. खाते पुन्हा उघडता का, असे विचारल्यावर म्हणाले, ‘‘दुसऱ्या बँकेत आता बस्तान बसलंय, साहेब. तिथे जमतं माझं मला.’’ त्या हजार रुपयांविषयी मी विचारले नाही.

मी २०२० साली निवृत्त झालो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. त्या आता वरच्या पदावर आहेत. ‘‘सर, बँकेनं नवं अॅप आणलंय. पुन्हा बटन-बटन सुरू झालंय. वेबसाइटसाठी घातलेलं कलम अॅपच्या निविदेत कुणी घेतलंच नाही. तुमची ती तिसरी टिपणी आहे का तुमच्याकडे? माझ्या नावानं नवी लिहिते.’’

प्रत होती. कपाटातून फाईल काढली, धूळ झटकली, दीड पान टेबलावर सरळ केले, मोबाइलने त्याचे दोन झकास फोटो काढले आणि लगेच त्यांना पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आले.

‘‘सर, मिळालं. पण फोटो आहे. फोन वाचतोय, तारखा आणि कलमांचे आकडे भलतेच सांगतोय. टाइप करून पाठवाल का?’’

त्या रात्री साडेअकरापर्यंत बसून मी ती टाइप केली. युनिकोडमध्ये.